ठकूआजीची जीभ

बसा. दाटीवाटीनं बसा, पण मला पाय पसरायला जागा ठेवा. सकाळपासून उभी आहे मी. आणि मागं कोण कुजबुजतंय? ऐकायचं नसेल तर तिकडं चुलाणावर पिठलं ढवळायला माणूस हवंच आहे, तिकडं जा. दरवर्षी मी हीच गोष्ट सांगते आणि दरवर्षी तुम्ही निम्मी ऐकता. माझाही घसा आता थकला. पण सांगायची तर आहेच, नाहीतर आजच्या जेवणाला तुम्ही तोंडं वाकडी कराल.

फार वर्षांपूर्वी, या माळावर चुन्याच्या भट्ट्या धुपत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आता तिथं नुसते खड्डे राहिलेत आणि उन्हाची शेरडं त्यात बसतात. पण तेव्हा आपली भट्टेवाडी म्हणजे चुन्याची वाडी. ओढ्यातली चुनखडी वेचायची, भट्टीत जाळायची, तिचा चुना करायचा आणि गाढवांवर लादून धाडायचा. लांबलांबची देवळं आणि बारवा आपल्या चुन्यानं उभ्या राहिल्या, असं म्हणतात. आपलं गाव मात्र कुडाचंच राहिलं.

भट्टी लावायची पुरुषांनी आणि चुना विझवायचा बायकांनी, अशी वाटणी होती. कुणी केली ते मला विचारू नका. केली असणार एखाद्या पुरुषानंच. भट्टीतून निघालेल्या कळीवर, म्हणजे भाजलेल्या चुनखडीवर, पाणी ओतलं की ती फसफसते, तापते, फुटते. मग बायकांनी तो चुना हातानं चाळायचा आणि पाट्यांत भरायचा. चुना कातडी खातो, बाबांनो. बोटं उलायची, भेगांतून रक्त यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगांत पुन्हा चुना. पाणी लागलं की आग व्हायची, म्हणून संध्याकाळी बायका करडईचं तेल चोपडून हात चिंध्यांना पुसायच्या. तेलात चिकटलेला चुना मग निघता निघायचा नाही. तो काढायला राख घासायची, आणि राखेनं उरलीसुरली कातडीही जायची. सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी पोराच्या आईचे हात बघायची आणि पाणीसुद्धा न घेता उठायची, असं म्हणतात.

त्या गावात ठकू होती. तिला आजी म्हणायला लागले ते पुढं, त्या काळी ती नुसती दमलेली होती. नवरा भट्टीच्या धगीनं लवकर गेला. तिनं बरीच वर्षं चुना विझवला, मग छाती भरून यायला लागली म्हणून ते काम सुटलं आणि तिनं शेरडं धरली. शेरडं राखणं म्हणजे आराम, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एक दिवस राखून बघावीत. ठकू बोलायची कमी. बोलली तर एकच बोलायची, “एवढं उरकलं की जरा टेकते.” आणि ते एवढं कधी उरकायचं नाही. तिच्या दारात एक बसका दगड होता, त्यावर बसायचं तिच्या मनात असायचं. त्या दगडावर कोंबड्या बसायच्या.

तिचा मुलगा म्हाकू भट्टीवर होता आणि सून नगू चुन्यावर. नगूला पुष्कळ नवससायास करून पोर झालं. मुलगा. गावानं गूळ खाल्ला. बाळंतपणातून उठली तशी नगू पुन्हा कामाला लागली, कारण कुठल्याशा मोठ्या तळ्याचं बांधकाम निघालं होतं आणि चुना पुरत नव्हता. घरी बसून खायचं काय, हाही प्रश्न होताच. आणि मग ते सुरू झालं.

नगूनं पोराला उचललं की ते किंचाळायचं. तिच्या बोटांच्या कडा त्याला ओरबाडायच्या. भेगांत बसलेला चुना त्याच्या ओल्या अंगाला लागायचा आणि लाल चट्टे उठायचे, काखेत, मानेखाली, मांड्यांत. हात कितीही पुसले तरी तेच. शेवटी त्या घरात एक रीत पडली. नगूनं दोन्ही हात पाठीमागं घेऊन बसायचं, आणि ठकूनं पोर तिच्या छातीशी धरायचं. पिऊन झालं की ठकूनंच उचलायचं, पुसायचं, झोळीत घालायचं. आई समोर बसलेली, आणि तिचे हात पाठीमागं. काय वाटत असेल त्या बाईला! मला तर सांगतानाही गलबलतं.

“आत्या,” नगू एकदा सासूला म्हणाली, “त्येला माजं दूध ठावं हाय. हात ठावं न्हाईत.”

“व्हईल समदं नीट,” ठकू म्हणाली. तिचं तिलाही ते खरं वाटलं नाही.

पुढं पोर हसायला लागलं. ते ठकूकडं बघून हसायचं, कारण धरायची तीच. नगूनं ते पाहिलं आणि हळूहळू झोळीकडं बघणंच सोडलं. कामावरून यायची, हात मागं घेऊन बसायची, पाजायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. ठकू हे रोज बघायची. तिचे स्वतःचे हात आता कापत होते. आज ना उद्या आपण जाणार, मग हे पोर धरणार कोण? आई असून ते पोरकं व्हायचं. एवढाच घोर तिला लागून राहिला. पोराला त्याच्या आईचे हात मिळायला हवेत, आणि आपल्या देखत मिळायला हवेत.

तिनं काय केलं नाही म्हणता? हळद लावली, लोणी लावलं. शेळीचं दूध लावलं तेव्हा नगूला गार वाटलं, आग थांबली, पण चुना भेगेत होता तिथंच राहिला. ठकूनं तरी रोज थोडं दूध बाजूला ठेवायचं सोडलं नाही.

एकदा काय झालं, थंडीचे दिवस होते. चिंध्या तेलाचुन्यानं कडक झाल्या होत्या. ठकूनं त्या खापरात भिजत घातल्या आणि वर पापडखाराचं पाणी ओतलं, म्हणजे मळ सुटेल. चिंध्या पिळून वाळत घातल्या, घाण पाणी खापरात तसंच राहिलं. तेवढ्यात एक करडू उड्या मारत आलं आणि त्यानं दुधाचा तांब्या त्या खापरात उलथा केला.

“मुडद्या, तुला आजच सुचलं?” ठकू ओरडली. करडू पळालं. खापर जड होतं, ओढा लांब होता, आणि तिची कंबर धरली होती. “जाऊ दे, उद्या टाकीन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती म्हणाली, उद्या टाकीन. असे किती दिवस गेले ते कुणी मोजलं नाही. कुणी त्याला आळस म्हणेल. म्हणा! ज्यानं कधी जड खापर उचललं नाही, त्यानंच म्हणावं. आपल्या गावाचं नशीब फिरलं ते ठकूच्या त्या दमण्यामुळं फिरलं, असं म्हणतात.

एके दिवशी तिनं खापर घासायला घेतलं. तळाशी पिवळसर पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. नखानं खरवडलं तर बोटं निसटली. पाण्यात हात बुडवला तर फेस आला. तिच्या स्वतःच्या भेगांतून जुना चुना सुटून पाण्यात उतरला, आणि आग झाली नाही. ठकू हाताकडं बघतच राहिली. मग तिनं नगूला हाक मारली.

साबण हा शब्द तेव्हा आपल्याकडं कुणी ऐकला नव्हता. ठकू त्याला वडी म्हणाली, म्हणून आपण अजून वडीच म्हणतो. तिनं नगूचे हात मांडीवर घेऊन धुतले, रोज, संध्याकाळी. भेगा मिटायला लागल्या. एक दिवस नगूनं भीत भीत एक बोट पोराच्या तळपायाला लावलं. पोर रडलं नाही, त्यानं नुसता पाय आखडून घेतला आणि तिच्याकडं पाहिलं. नगू घराबाहेर जाऊन रडली. पण खापराच्या तळाला असून असून किती असणार? वडी संपली, आणि हात पुन्हा उलायला लागले.

आता झाली घाई. ठकूला झाली, नगूला झाली, आणि बातमी फुटल्यावर गावातल्या सगळ्या बायकांना झाली. चुना आणि पापडखार पाण्यात ढवळून त्याची निवळी काढली. ती गरम होती तशीच दुधात ओतली. दूध फाटलं, तपकिरी झालं, घाण वास सुटला. तरी तेल घालून घोटलं, थापलं, आणि दुसऱ्याच दिवशी वड्या पाडल्या. पहिला हात अर्थातच नगूनं पुढं केला.

तिच्या किंकाळीनं शेरडं बुजली, असं म्हणतात. तळव्याची सालं निघाली. चुन्यानं झालं नव्हतं एवढं त्या कच्च्या वडीनं केलं. म्हातारीनं पोरीचे हात जाळले, असं बायका उघड बोलायला लागल्या आणि ठकूच्या दारावरून जाईनाशा झाल्या. नगूनं मात्र तिला दोष दिला नाही, आणि ते ठकूला जास्त लागलं.

“आत्या, ऱ्हाऊ द्या आता,” ती एवढंच म्हणाली. “माज्या हातात पोर न्हाई. सोडा त्यो नाद.”

ठकू त्या दिवशी जेवली नाही. शेरडांमागं हिंडता हिंडता तिनं सगळं आठवून पाहिलं. पहिल्या वेळी थंडी होती, दूध गार होतं, पाणी गार होतं. आणि पहिल्या वेळी आपण त्याला विसरलो होतो. आपण दमलो म्हणून जे साधलं, ते घाई केली म्हणून नासलं. हे कळल्यावर तिला हसू आलं म्हणतात. आयुष्यभर तिला सगळे लवकर आटप, लवकर आटप म्हणत आले होते, आणि ही एक गोष्ट अशी होती की तिला कुणी घाई केलेली खपत नव्हती.

मग ती पहाटे दूध काढून मडकं ओढ्याच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायला लागली. निवळी पार थंड होऊ द्यायची, मग धार धरून तेलात सोडायची. वर ते गार दूध घालायचं आणि हात भरून येईपर्यंत घोटायचं. करवंट्यांत ओतायचं आणि आढ्यावर सावलीत ठेवून द्यायचं. आणि वाट बघायची. पण वडी पिकली की नाही, हे कळायचं कसं? पुन्हा नगूचा हात पुढं करायचा? आणि गावातली दुसरी कोण हात देणार होती?

ठकूनं एक वडी काढली आणि जीभ लावली. जीभ पोळली. वडी परत आढ्यावर गेली. काही दिवसांनी पुन्हा लावली, पुन्हा पोळली. जिभेला फोड यायचा, तो बसला की ती पुन्हा चाखायची. म्हाकू चिडला, “आय, खुळी झालीस का?” म्हणाला. ती म्हणाली, “जिभेला चावंल ते हातालाबी चावंल. माज्या जिभंचं काय जातंय?” असं करता करता एक दिवस वडी जिभेवर ठेवली आणि ती चावली नाही. नुसती निसरडी, कडवट लागली.

नगू काही केल्या हात पुढं करेना. “नगं आत्या, पाया पडते.”

तेव्हा ठकूनं तिच्यासमोर जीभ बाहेर काढली, लहान पोरं वेडावतात तशी. “बघ. हिच्यावर ठिवली व्हती. हाय न्हवं अजून जाग्यावर?”

नगू हसली. पोर झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, असं म्हणतात. आणि तिनं हात दिले.

हात बरे व्हायला वेळ लागला. कातडी धरायला वेळच लागतो. रोज चुना, रोज संध्याकाळी वडी आणि वरून थोडं दूध. भेगा मिटल्या, मग खपल्या गेल्या, मग खाली गुलाबी कातडी दिसली. एका संध्याकाळी पाजायची वेळ झाली तशी नगू सवयीनं हात मागं घेऊन बसली. ठकूनं पोर आणलं, पण छातीशी धरलं नाही. “हात पुढं कर,” म्हणाली. “माजं हात भरून आल्यात. धर तुजं तू.”

नगूनं हात पुढं केले. पोर आधी आक्रसलं. मग त्यानं तिचं बोट मुठीत घट्ट धरलं आणि प्यायला लागलं. पिता पिता झोपलं. नगूचे हात अवघडले, मुंग्या आल्या, पण तिनं त्याला खाली ठेवलं नाही. म्हाकूनं भाकरी वाढून दिली तर ती म्हणाली, “भरव मला, माजं हात मोकळं न्हाईत.” आणि ठकू? ठकू उठून शेरडं बांधायला गेली. कुणीतरी बांधायची होतीच.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण चांगलं केलेल्या बाईला लोक बसू देतात होय? बायका परत आल्या, खाली मान घालून. ठकू कुणाला टाकून बोलली नाही, तेवढी ताकदच नव्हती. मग शेजारगावचे रंगारी आले, कातडं कमावणारे आले, कुंभार आले. अंगावर खरूज उठलेली पोरं आली. तोंडावर फडकं ओढून घेतलेली एक बाई आली आणि जाताना फडकं इथंच सोडून गेली, असं म्हणतात. मोठा दुष्काळ पडला, गवताची काडी उरली नाही, तरी ठकूच्या शेरडांचं दूध आटलं नाही. ती बोरीबाभळीचे काटे खाऊन दूध द्यायची, आणि पहाटे ठकूनं हाक मारायच्या आधीच येऊन ओळीनं उभी राहायची. तिची वडी लावलेल्या हातांवर चुना बसेनासा झाला, मोत्यांसारखा ओघळून जायचा. आता हे जरा वाढवून सांगितलंय, मला कळतं. पण माझ्या आजीनं असंच सांगितलं, म्हणून मीही असंच सांगते.

आणि प्रत्येक वडी ठकू जिभेला लावायची. एकही तशी दिली नाही. नगूचा तळवा ती विसरली नव्हती. बायका म्हणायच्या, “आण, आमी चाखतो.” ती म्हणायची, “तुमास्नी कालवणाचं मीठ बघाया लागतंय. ऱ्हाऊ द्या. एवढं उरकलं की टेकतेच मी.”

पोर मोठं झालं, बोलायला लागलं. एक दिवस नगूनं पिठलं केलं आणि कामाच्या रगाड्यात त्यात मीठ घालायचं विसरली. सगळे जेवायला बसले. पोरानं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आये, अळणी हाय.” म्हाकूनं एक घास घेऊन भाकरी खाली ठेवली. नगू मीठ आणायला उठणार, तर तिचं लक्ष ठकूकडं गेलं. ठकूचं अर्धं पिठलं संपलं होतं.

नगूनं विचारलं, “आत्या, मीठ बेताचं पडलंय न्हवं?”

“अगदी बेताचं,” ठकू म्हणाली. “ब्येस झालंय.”

नगू उठली नाही. किती दिवसांपासून, किती वर्षांपासून ही बाई अशी चवीविना जेवत होती, कुणाला ठाऊक. रोज म्हणत होती ब्येस झालंय. नगूनं म्हाकूकडं पाहिलं. त्यालाही कळलं होतं. तो गपकन भाकरी उचलून जेवायला लागला. पोर पुन्हा म्हणालं, “आये, मीठ.” नगूनं त्याला मांडीवर ओढलं, आपल्या हातानं घास भरवला आणि म्हणाली, “ब्येस झालंय, बाळा. खा.”

दुसऱ्या दिवशी ठकू आढ्याखाली गेली, तर नगू तिच्या आधी तिथं उभी होती. तिनं वडी काढली आणि स्वतःच्या जिभेला लावली. मागून शेजारीण आली, तिनं दुसरी उचलली. मग आणखी एक आली. नगूनं सगळ्यांना काल रात्रीचं सांगितलं होतं. प्रत्येक घरातून एक बाई आली होती, आणि प्रत्येकीनं एकेक वडी घेतली.

“आत्या,” नगू म्हणाली, “आज काय बी उरकायचं न्हाई. तुमी टेका.”

ठकू बाहेर आली. दगडावरची कोंबडी हुसकली आणि बसली. कोवळं ऊन होतं. शेरडं चरायला गेली नाहीत, तिच्या पायांशी येऊन बसली. “दमले गं बाई,” ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले. ती टेकली ती टेकलीच. उन्हं वर आली तरी कुणी तिला उठवलं नाही. तिला बसलेली कुणी कधी पाहिलीच नव्हती. बसलीय तर बसू दे, असंच प्रत्येकाला वाटलं.

तो दगड हाच, मी टेकलेय तो. पावसात याच्यावर अजून फेस येतो, असं म्हणतात. मला विचाराल तर मी पाहिलाय. बाकीची गोष्ट ऐकलेली, तेवढं मात्र पाहिलेलं.

भट्ट्या विझल्या, पण वडी राहिली. थंडीत आपण ती करतो, गार दुधाची, घाई न करता. घरटी एक वडी, आणि ती ज्या त्या घरानं आपल्याच जिभेला लावायची, दुसऱ्याच्या नाही. बाळंतिणीला पहिली आंघोळ या वडीनंच. आणि नवीन वड्या उतरवायच्या दिवशी, म्हणजे आज, सगळ्या गावाचं जेवण एका चुलाणावर, आणि त्यात मिठाचा खडा पडत नाही. पाहुणा असो, जावई असो, कुणी मीठ मागायचं नाही.

झालं. उठा आता, पातेलं उतरलं असेल. लहानग्यांना मांडीवर घ्या आणि आपल्या हातानं भरवा. मला कुणीतरी हात द्या, उठवत नाही. आणि काय रे, काल आलेल्या पाहुण्या, असा बघतोस काय? पहिला घास घेतलास की काय म्हणायचं, ते कळलं ना?

ब्येस झालंय.